निसुर्डी : आपल्या पठारावरचं ‘फरगेट-मी-नॉट’, आणि तिच्या नावाचे दीडशे वर्षांतले फेरफार

मेढा (ता. जावळी) : पाऊस जरा ओसरला, श्रावणाची ऊन-सावली सुरू झाली की कास, महाबळेश्वरच्या बाजूला पठारावर आणि डोंगरउतारावर एक कंबरेएवढं झुडूप फुलायला लागतं. पानं खरखरीत, खालची पानं मोठी आणि बुडाशी हृदयाच्या आकाराची, त्यांना लांब देठ. वर निळी-पांढरी बारीक फुलं. आपल्याकडं तिला निसुर्डी म्हणतात. बाहेरून येणारे पर्यटक मात्र फोटो काढून ‘फरगेट-मी-नॉट दिसलं’ असं स्टेटस टाकतात. काही जण मोबाईलमधल्या ओळख ॲपवर फोटो टाकतात, तर ॲप कधी युरोपातल्या फुलाचं नाव दाखवतं, कधी चीनमधल्या.

मग खरं नाव कुठलं? निसुर्डी म्हणजेच फरगेट-मी-नॉट का? आणि नावाचा एवढा काथ्याकूट कशाला करायचा, फूल ते फूल? गेल्या दोन-तीन हंगामात हे प्रश्न मला गावातल्या पोरांनीच विचारले. पोरं पठारावर गाईड म्हणून जातात, पर्यटक विचारतात, आणि उत्तर देताना गडबड होते. म्हणून हा विषय सवडीनं मांडतोय. यात शास्त्र आहे, पण सातबारा वाचता येणाऱ्या माणसाला अवघड जाईल असं काही नाही.

आधी खरं फरगेट-मी-नॉट कुठलं ते बघू

‘फरगेट-मी-नॉट’ म्हणजे ‘मला विसरू नकोस’. जर्मन भाषेतही या फुलाला याच अर्थाचं नाव आहे. शास्त्रात ज्याला खरं फरगेट-मी-नॉट म्हणतात त्या प्रजातीचं नाव मायोसोटिस. ग्रीक भाषेत याचा अर्थ उंदराचा कान. पानं बारीक, मऊ लव असलेली, उंदराच्या कानासारखी दिसतात म्हणून हे नाव. स्वीडनच्या कार्ल लिनियसनं १७५३ मध्ये वनस्पतींच्या नावांचं जे मोठं पुस्तक काढलं, त्यात हे नाव आहे. आज जगभर जी दोन शब्दी शास्त्रीय नावं वापरतात, त्यांची सुरुवात याच पुस्तकापासून धरतात.

मायोसोटिस थंड हवेतली झाडं. युरोप, उत्तर आशिया, आपल्या देशात हिमालयाची बाजू, आणि तिकडं लांब न्यूझीलंड. न्यूझीलंडमध्ये तर या प्रजातीच्या चाळीसच्या वर मूळच्या जाती आहेत आणि त्यातल्या बऱ्याच दुर्मिळ आहेत. अमेरिकेतल्या अलास्का राज्याचं राज्यफूलही फरगेट-मी-नॉटच.

आपल्या सह्याद्रीच्या पठारांवर मायोसोटिस रानात उगवत नाही. महाबळेश्वर-पाचगणीच्या एखाद्या बंगल्याच्या कुंडीत कुणी लावलं असेल तर ती गोष्ट वेगळी. म्हणजे आपली निसुर्डी खरं फरगेट-मी-नॉट नाही. पण ती अगदी परकीही नाही. दोघींचं आडनाव एकच आहे, घर वेगळं आहे. चुलत बहिणी म्हणा.

आडनाव, घर आणि माणूस

वनस्पतींच्या वर्गीकरणात आपल्याला तीन पायऱ्या कळल्या तरी पुष्कळ. सगळ्यात वर कुल, म्हणजे आपल्या भाषेत भावकी. त्याच्या खाली प्रजाती, म्हणजे एका घरातली माणसं. आणि त्याच्या खाली जाती, म्हणजे नाव घेऊन दाखवता येईल असा एकेक जण.

शास्त्रीय नावात दोन शब्द असतात. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. आपण आडनाव शेवटी लावतो, शास्त्रज्ञ घराचं नाव आधी लावतात, एवढाच फरक.

मायोसोटिस आणि निसुर्डी या दोघींच्या भावकीचं नाव बोरॅजिनेसी. मराठीत याच कुलाला भोकर कुल म्हणतात. हो, तेच भोकर, ज्याच्या कच्च्या फळांचं लोणचं घालतात आणि पिकलेल्या फळात चिकट गर असतो. आळंदीला ज्ञानेश्वर माऊलींच्या समाधीजवळ जो अजानवृक्ष आहे, त्याची शास्त्रीय ओळख एहरेशिया लेव्हिस अशी देतात, तोही याच भावकीतला. बांधावर, ओढ्याच्या कडेला उगवणारी भुरुंडी, जिच्या फुलांचा तुरा हत्तीच्या सोंडेसारखा वळलेला असतो, ती याच भावकीतली. पडीक रानात खाली माना घातलेली फिकट निळी फुलं येणारा छोटा कल्पा, तोही. तेलाला लाल रंग आणायला रतनजोत टाकतात, त्या मुळ्याही याच भावकीतल्या झाडांच्या.

आता कुणी म्हणेल, भोकराचं झाड कुठं, कंबरेएवढी निसुर्डी कुठं, आणि वीतभर मायोसोटिस कुठं. यांना एका भावकीत कुणी आणि कशावरून बसवलं?

भावकी ओळखायच्या खुणा

उंची, खोड, पानांचा आकार यावरून झाडांची भावकी ठरत नाही. एका घरात एक भाऊ उंच, एक बुटका असतोच की. भावकी ठरते ती प्रामुख्यानं फुलाच्या आणि फळाच्या रचनेवरून. निसुर्डी समोर असेल तर या खुणा कुणालाही बघता येतात.

एक, खरखरीतपणा. पानावरून बोट फिरवलं की बारीक ताठ केस लागतात. या कुलातल्या बहुतेक झुडपांचा हा गुण. काहींचे केस इतके ताठ असतात की हात खाजतो.

दोन, वळलेला तुरा. फुलांची दांडी टोकाला आत वळलेली असते, विंचवाच्या नांगीसारखी. फुलं एकाच अंगाला ओळीनं असतात. खालचं फूल आधी उमलतं, आणि जसजशी फुलं उमलत जातात तसतशी नांगी सरळ होत जाते. भुरुंडीत ही खूण सगळ्यात झटकन दिसते.

तीन, फुलाला पाच पाकळ्या, पण त्या बुडाशी एकमेकींना जुळलेल्या. फूल ओढलं तर पाकळ्या सुट्या पडत नाहीत, अख्खी फुलवाटी निघून येते. फुलाच्या तोंडाशी पाच लहान खवले असतात, घशाचं दार अर्धवट लावल्यासारखे.

चार, आणि ही सगळ्यात महत्त्वाची खूण. फूल गळल्यावर आत चार कठीण दाणे दिसतात. चारही एका मधल्या दांडीला टेकलेले. आपण त्यांना बिया म्हणतो, शास्त्रात ती चार छोटी फळं धरतात. निसुर्डी आणि मायोसोटिस दोघींत हे चार दाणे असतात. भोकराच्या फळात ते एकाच आठोळीत बंद झालेले असतात, म्हणून भोकर वेगळं दिसतं.

या चार खुणा जिथं एकत्र दिसल्या, तिथं भोकर कुलाचा संशय धरायला हरकत नाही.

मग निसुर्डी आणि मायोसोटिस वेगळ्या कशा?

वेगळेपण त्या चार दाण्यांत आहे. मायोसोटिसचे दाणे गुळगुळीत, चकचकीत असतात. निसुर्डीच्या दाण्यांवर बारीक आकडे असतात. पावसाळा संपता संपता पठारावरून चालून आलात की पायजम्याला, धोतराला, शेळीच्या केसांना जे चिकटून येतं, त्यात असे आकडेवाले दाणे असतात. चालता येत नाही अशा झाडानं आपली पिल्लं दुसऱ्या गावाला पाठवायची ही युक्ती आहे. गुरं, शेळ्या, रानातली जनावरं आणि आपण, सगळे तिचे हमाल.

आकडेवाल्या दाण्यांच्या या गटात जगभर पुष्कळ झाडं आहेत. त्यातली एक मोठी प्रजाती म्हणजे सायनोग्लॉसम. ग्रीकमध्ये याचा अर्थ कुत्र्याची जीभ, पानांच्या आकारावरून आणि खरखरीतपणावरून पडलेलं नाव. ॲपवर जे चीनमधलं फरगेट-मी-नॉट दिसतं, ते याच सायनोग्लॉसममधलं. म्हणजे तेसुद्धा खरं मायोसोटिस नव्हे. निळं बारीक फूल दिसलं की इंग्रजीत फरगेट-मी-नॉट म्हणायची सवय पडलीय, आणि एकाच नावाखाली तीन-चार घरची माणसं उभी राहतात.

नावाचे फेरफार

आता निसुर्डीच्या शास्त्रीय नावाकडं येऊ. शेतकऱ्याला फेरफार म्हणजे काय ते सांगायला नको. जमीन तीच, बांध तोच, पण सातबाऱ्यावर नावं बदलत जातात, आणि प्रत्येक बदलाची नोंद राहते. निसुर्डीचं अगदी तसंच झालंय.

पहिली नोंद १८३९ ची. इंग्लंडमध्ये जॉन लिंडली नावाचे मोठे वनस्पतीशास्त्रज्ञ होते. त्यांनी या झाडाला सायनोग्लॉसम सेलेस्टिनम असं नाव दिलं. सेलेस्टिनम म्हणजे आभाळाच्या रंगाचं. आपलं रानातलं झुडूप तिकडच्या बागेत फुललं, त्याचं रंगीत चित्र छापलं गेलं आणि नाव पडलं. दाण्यावर आकडे आहेत म्हणून त्यांनी तिला कुत्र्याच्या जिभेच्या घरात टाकलं. तेव्हाच्या माहितीप्रमाणं ते बरोबरच होतं.

दुसरा फेरफार ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मोठ्या ग्रंथाच्या काळातला. या ग्रंथाचा चौथा खंड १८८३ ते १८८५ मध्ये आला. त्यात भोकर कुलाचं काम सी. बी. क्लार्क यांनी केलं. तिथं आपली निसुर्डी पॅराकॅरियम या प्रजातीत दिसते. कारण पुन्हा दाणाच. पॅराकॅरियमच्या दाण्याला कडेनं वर उचललेली किनार असते, ताटाच्या काठासारखी. सायनोग्लॉसममध्ये तशी किनार नसते. पुढं थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ च्या दरम्यान मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ काढला. कुक हे पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य होते. त्यांच्या ग्रंथातही पॅराकॅरियमच आहे.

पण यात एक अडचण होती. पॅराकॅरियमचं घर म्हणजे तुर्कस्तान, इराण, मध्य आशिया, सगळा कोरडा मुलूख. आणि आपली निसुर्डी धो धो पावसाची. एवढ्या लांबची सोयरीक खरी का, असा प्रश्न राहिला.

तिसरा फेरफार १९१५ चा. जर्मनीच्या ऑगस्ट ब्रँड यांनी ॲडेलोकॅरियम नावाची नवी प्रजाती केली, आणि आपली निसुर्डी ॲडेलोकॅरियम सेलेस्टिनम झाली. महाराष्ट्रातल्या बऱ्याच पुस्तकांत आणि फुलांच्या यादीत आजही तुम्हाला हेच नाव वाचायला मिळेल. कासवर जाणाऱ्या पोरांना बहुतेक हेच पाठ असतं.

चौथा फेरफार १९९१ चा. स्कॉटलंडमधल्या एडिंबरोच्या शाही वनस्पती उद्यानातले रॉबर्ट मिल यांनी निसुर्डी आणि तिच्या दोन बहिणींना स्वतंत्र घर दिलं. त्या घराचं नाव पॅराकॅरिऑप्सिस. शेवटच्या ‘ऑप्सिस’चा अर्थ ‘सारखं दिसणारं’. म्हणजे पॅराकॅरियमसारखं दिसणारं, पण पॅराकॅरियम नव्हे. ऑस्ट्रियाच्या हाराल्ड रीडल यांनी आधी या नावाचा एक पोटगट केला होता, मिल यांनी त्याला पूर्ण प्रजातीचा दर्जा दिला. तेव्हापासून निसुर्डीचं नाव पॅराकॅरिऑप्सिस सेलेस्टिना.

बारीक बघितलंत तर जातीचा शब्द चारही वेळा तोच राहिला. सेलेस्टिनम, शेवटी सेलेस्टिना. घर बदललं, पण लिंडलीनं ठेवलेलं नाव कुणाला पुसता आलं नाही. हा नियमच आहे. ज्यानं जातीला पहिल्यांदा रीतसर नाव दिलं त्याचा शब्द पुढं चालवावा लागतो. म्हणून शास्त्रीय पुस्तकात नावाच्या पुढं कंसात लिंडली आणि कंसाबाहेर मिल असं लिहितात. कंसातला मूळ नाव ठेवणारा, कंसाबाहेरचा घर बदलून देणारा. फेरफाराची नोंद नावालाच जोडलेली असते.

ब्रँड यांचं नाव का टिकलं नाही?

कुणीही विचारेल, १९१५ चं नाव जुनं, १९९१ चं नवं, मग जुन्याचा मान का नाही? इथं दुसरा नियम लागतो. कुठल्याही प्रजातीचं नाव हवेत नसतं, ते एका ठराविक जातीला बांधलेलं असतं, आणि जातीचं नाव एखाद्या संग्रहालयात जपून ठेवलेल्या वाळक्या नमुन्याला किंवा चित्राला बांधलेलं असतं. त्याला मूळ दस्त समजा. भांडण लागलं की दस्त काढून बघायचा. ज्या जातीला प्रजातीचं नाव बांधलंय ती जाती दुसऱ्या घरची निघाली, तर नावही तिच्या मागं निघून जातं. राहिलेल्या भावंडांना मग नवं नाव घ्यावं लागतं.

असे वाळवलेले नमुने जिथं ठेवतात त्याला हर्बेरियम म्हणतात. आपल्या जवळची मोठी ठिकाणं म्हणजे पुण्यातलं भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र, पुण्यातलीच आघारकर संशोधन संस्था, मुंबईच्या झेवियर्स कॉलेजमधलं ब्लॅटर हर्बेरियम आणि कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ. आपल्या डोंगरातलं झाड शंभर वर्षांपूर्वी कुठं, कुठल्या महिन्यात फुललं होतं, याचा पुरावा असल्या कपाटांत जुन्या कागदावर चिकटवलेला असतो.

डीएनएनं काय सांगितलं

आधी डोळ्यांनी, मग भिंगानं, आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत डीएनए तपासून भोकर कुलाची वंशावळ पुन्हा मांडली गेली. त्यातून दोन-तीन गोष्टी पुढं आल्या.

मायोसोटिसचा गट वेगळा आणि सायनोग्लॉसमचा गट वेगळा, पण दोन्ही एकाच मोठ्या फांदीवरचे. म्हणून वर चुलत बहिणी म्हटलं ते नुसतं बोलण्यापुरतं नाही. दुसरं म्हणजे सायनोग्लॉसम हे घर पूर्वी वाटत होतं तसं एकसंध नाही. दाण्यावरचे आकडे आणि कडेची किनार या खुणा वेगवेगळ्या घरांत आपापल्या उगवलेल्या दिसतात. दोन गावांतल्या माणसांनी एकमेकांना न विचारता सारखाच नांगर बनवावा, तसं. त्यामुळं नुसत्या दाण्यावरून घर ठरवलं की चूक व्हायची शक्यता राहते. आणि तिसरं, भोकर, अजानवृक्ष आणि भुरुंडी यांना काही शास्त्रज्ञ आता बोरॅजिनेसीतून वेगळं काढून तीन स्वतंत्र कुलं मानतात. काही जण जुन्याप्रमाणं एकत्रच ठेवतात. भावकी एकच, पण चुली वेगळ्या करायच्या का नाही, यावर मतं दोन आहेत.

जगात फक्त आपल्या देशात

आता मुद्द्याची गोष्ट. पॅराकॅरिऑप्सिस या घरात फक्त तीन जाती आहेत. आपली सेलेस्टिना, दुसरी मलबारिका आणि तिसरी लॅम्बर्टियाना. या तिन्ही जगात भारताबाहेर रानात कुठंही मिळत नाहीत. म्हणजे नुसती एक जात नव्हे, अख्खं घर आपल्या देशाचं. आणि सेलेस्टिनाचा मुख्य मुलूख हा आपला सह्याद्री.

निसुर्डी कासवर हंगामात भरपूर दिसते, त्यामुळं ‘ही काय दुर्मिळ?’ असं वाटणं साहजिक आहे. पण दुर्मिळपणा दोन तऱ्हेचा असतो. एक संख्येचा आणि एक ठिकाणाचा. एखादी गोष्ट आपल्या घरात पोतंभर असेल, पण जगात दुसऱ्या कुणाच्याच घरात नसेल, तर आपलं घर जळालं की ती गोष्ट संपली. रायगवताचं शेत गेलं तर रायगवत जगभर आहे. निसुर्डीचं पठार गेलं तर तिला दुसरं पठार नाही.

न्यूझीलंडच्या पूर्वेला सुमारे आठशे किलोमीटरवर चॅटम बेटं आहेत. तिथं एक मोठ्या चकचकीत पानांचं, निळ्या फुलांचं झाड मूळचं आहे. लोक त्याला चॅटम बेटाचं फरगेट-मी-नॉट म्हणतात. तेही खरं मायोसोटिस नाही. त्याचं घर मायोसोटिडियम, म्हणजे पुन्हा ‘मायोसोटिससारखं’, आणि त्या घरात तो एकटाच. बाहेरून माणसं आली, त्यांच्यासोबत मेंढरं, गुरं, डुकरं आली. समुद्रकाठची ही झाडं जनावरांनी खाऊन आणि उकरून टाकली. आज जगभरच्या बागांत हे झाड हौसेनं लावतात, पण त्याच्या मूळ बेटावर रानात ते फार थोड्या जागी उरलं. कुंडीत भरपूर आणि रानात नाही, अशी त्याची गत झाली.

आपल्याकडं चराईचा प्रश्न तसा सरळ नाही. आपली गुरं पठारावर पिढ्यान्‌पिढ्या चरत आलीत आणि फुलंही येत राहिलीत. गुरं पूर्ण बंद केली की गवत माजतं आणि बारीक फुलांना ऊन मिळत नाही, असंही जुने लोक सांगतात. पण पठाराचा कातळ फोडून रस्ता केला, मुरूम उचलला, प्लॉट पाडले, तर ती वीतभर माती परत येत नाही. ती माती साठायला किती पिढ्या लागल्या, त्याचा हिशोब कुणाकडं नाही.

नाव चुकलं तर नुकसान कुणाचं?

इथं नावाचा प्रश्न आपल्या दारात येतो. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणं ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी, आणि तिनं लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. गावच्या हद्दीत कुठली झाडं, कुठली पिकं, कुठली जनावरं, त्यांचा वापर काय, हे त्यात लिहायचं असतं. या नोंदवहीत निसुर्डीच्या जागी कुणी ‘फरगेट-मी-नॉट, मायोसोटिस’ असं लिहिलं, तर कागदावर आपल्या गावात युरोपातलं एक बागेतलं फूल आहे असा अर्थ होतो. उद्या पठारावर एखादा प्रकल्प आला आणि कुणी नोंदवही उघडली, तर त्यात वाचवण्यासारखं काहीच दिसणार नाही. नुसतं ‘निसुर्डी’ लिहिलं तरी भागत नाही. कारण एका गावात एक नाव आणि दुसऱ्या गावात त्याच नावानं दुसरं झाड, असं होतं. म्हणून गावचं नाव आणि शास्त्रीय नाव दोन्ही लिहा. जुनं ॲडेलोकॅरियमही शेजारी लिहून ठेवा, म्हणजे जुन्या पुस्तकाशी जोडता येतं. सातबारा काढताना जुना सर्व्हे नंबर आणि नवा गट नंबर दोन्ही जवळ ठेवतो, तसंच हे.

भावकी माहिती असली तर जीव वाचतो

वर्गीकरण म्हणजे कॉलेजातल्या लोकांचं काम, असं वाटत असेल तर हे वाचा. या कुलातल्या अनेक झुडपांत पायरोलिझिडीन अल्कलॉइड नावाची द्रव्यं असतात. ती पोटात गेली की यकृताला इजा करतात, आणि लगेच कळतही नाही. भुरुंडीच्या प्रजातीत, म्हणजे हेलिओट्रोपियममध्ये, ही द्रव्यं आहेत हे पक्कं माहीत आहे. १९७४ च्या सुमारास अफगाणिस्तानच्या वायव्य भागात दुष्काळानंतर गव्हाच्या शेतात याच प्रजातीचं तण माजलं. त्याचं बी गव्हात मिसळलं, लोकांनी त्याच्या भाकरी खाल्ल्या, आणि गावंच्या गावं पोटात पाणी होऊन आजारी पडली, पुष्कळ माणसं गेली.

एका झाडात विष सापडलं की त्याच्या भावकीतल्या दुसऱ्या झाडाकडंही सावधपणे बघायचं, हे वर्गीकरणामुळंच कळतं. म्हणून ‘निसुर्डीचा रस घ्या’, ‘भुरुंडीचा काढा प्या’ असले मेसेज मोबाईलवर फिरले तर पुढं ढकलू नका आणि घरात करूनही बघू नका. जनावरांच्या वैरणीत आणि धान्यात या झुडपांचं बी येऊ देऊ नका. भोकराचं लोणचं आपण पिढ्यान्‌पिढ्या खातो, त्याबद्दल हे बोलणं नाही.

मोबाईल आहे तर त्याचा नीट वापर करा

रानात निळं फूल दिसलं आणि ओळख पटवायची असली, तर नुसता फुलाचा जवळून फोटो काढून उपयोग नाही. ॲप त्यावरून अंदाजच बांधणार. पाच फोटो काढा. अख्खं झाड, आजूबाजूच्या जागेसकट. बुडाजवळचं मोठं पान, देठासकट. वळलेला तुरा बाजूनं. फूल समोरून. आणि दाणे, तळहातावर ठेवून, आकडे आणि कडा दिसतील असे. तारीख आणि जागा लिहून ठेवा. बाजूला रुपयाचं नाणं ठेवलं तर मापही कळतं.

झाड उपटू नका. बी कुणी विकत मागितलं तर देऊ नका, आधी समितीला विचारा. आणि कॉलेजमध्ये जाणारी गावातली पोरं-पोरी असतील तर त्यांना घेऊन हे काम करा. वनस्पतीशास्त्राच्या प्राध्यापकांना असे नीट काढलेले फोटो मिळाले तर ते आनंदानं ओळख पटवून देतात, हा अनुभव आहे.

पर्यटकानं विचारलं तर काय सांगायचं?

गाईड पोरांसाठी थोडक्यात. सांगायचं, ‘ही निसुर्डी. शास्त्रीय नाव पॅराकॅरिऑप्सिस सेलेस्टिना, जुन्या पुस्तकात ॲडेलोकॅरियम. फरगेट-मी-नॉटची चुलत बहीण, भोकराच्या भावकीतली. हिचं घर फक्त तीन जणींचं आणि जगात फक्त भारतात.’ एवढं पाठ केलं तरी पुरे. आणि पर्यटक फोटोसाठी झुडपात घुसायला लागला तर त्याला आधी पायवाटेवर बोलवा, नाव नंतर सांगा.

आपल्या ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत निसुर्डीची नोंद आहे का, असली तर कुठल्या नावानं आहे, हे पुढच्या ग्रामसभेत जरूर विचारा. नोंदवहीच सापडत नाही असं उत्तर आलं, तर तेही ठरावात लिहून घ्या.